निवेदन नगरसेवकाकडे, अधिकार आयुक्तांकडे: मुंबई महापालिकेतील अर्जाची पार्श्वभूमी

नगरसेवकाच्या कार्यालयात निवेदन दिले, पण पुढे काहीच हलले नाही, अशी तक्रार मुंबईतल्या सोसायट्या आणि चाळ समित्या नेहमी करतात. दर वेळी दोष नगरसेवकाचाच असतो असे नाही. महापालिकेची रचनाच तशी आहे आणि ती दीडशे वर्षांहून जुनी आहे.

१८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणजे सरकारने नेमलेल्या मानद दंडाधिकाऱ्यांच्या मंडळाकडे गेला, अंमलबजावणी मात्र एका म्युनिसिपल कमिशनरकडे. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी कामांचा धडाका लावला आणि खर्च हाताबाहेर गेला. १८७१ मध्ये करदाते उठले. नवरोजी फर्दुनजी त्यांच्यात आघाडीवर होते. त्या रेट्यातून १८७२ चा कायदा आला: ६४ सभासद, त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडलेले. म्हणजे मुंबईत निवडून आलेले सभागृहच मुळी नागरिकांच्या तक्रारीतून उभे राहिले. कार्यकारी अधिकार मात्र आयुक्तांकडेच राहिले. १८८८ च्या अधिनियमाने तीच चौकट पक्की केली आणि अनेक सुधारणांसह तो आजही लागू आहे.

म्हणून नगरसेवक तुमच्या मागणीवर ठरावाची सूचना मांडू शकतो, पण सभागृहाने ती मंजूर केल्यावरही ती आयुक्तांच्या अभिप्रायासाठी जाते आणि तिथे महिनोन्‌महिने पडून राहू शकते. त्यामुळे एकच निवेदन एकाच दिवशी दोन ठिकाणी द्यावे: नगरसेवकाला आणि विभाग कार्यालयात सहायक आयुक्तांच्या नावे. दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पोच नसलेले निवेदन कागदोपत्री दिलेलेच नसते.

एका निवेदनात एकच विषय. तुंबलेले गटार, कचरा आणि कमी दाबाचे पाणी एकत्र लिहिले की पर्जन्य जलवाहिन्या, घनकचरा आणि जलकामे ही तिन्ही खाती कागद एकमेकांकडे ढकलतात. जागेची खूण नेमकी हवी: रस्त्याचे नाव, जवळच्या इमारतीचा क्रमांक, दिव्याच्या खांबाचा क्रमांक, तारखेसह फोटो. सह्यांपुढे पत्ता नसेल तर त्या रहिवाशांच्याच आहेत हे कळत नाही. सर्वाधिक वेळ वाया जातो तो जागेच्या मालकीवर. जमीन म्हाडाची, रेल्वेची की बंदर प्राधिकरणाची, हे आधी तपासावे.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. स्थानिक कामांसाठी आमच्या मते हीच सर्वात उपयोगी जागा, कारण नगरसेवक आणि विभागाचे अधिकारी तिथे समोरासमोर बसतात. बैठकीपूर्वी आपला विषय नगरसेवकामार्फत विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात मुंबईकरांना हे दार बंदच होते, आणि ही हानी लहान नाही.

लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी थेट ऐकतात त्या दिवसाचा, मार्ग वेगळा. तिथे अर्ज विहित नमुन्यात आणि १५ दिवस आधी द्यावा लागतो, तक्रारही वैयक्तिक स्वरूपाची लागते. पूर्ण गल्लीच्या सह्यांचा अर्ज तिथे नेला तर तो परत येतो.

नागरिकांच्या हरकतींचा जोर दिसला तो विकास आराखड्याच्या, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशाच्या वेळी. फेब्रुवारी २०१५ च्या प्रारूपावर हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने आराखडा नव्याने करायला लावला. मुदतीत, भूखंडाचा नगर भूमापन क्रमांक देऊन, 'आरक्षण चुकीचे दाखवले आहे' असे मोजके लिहिलेली हरकत तपासणाऱ्याला टाळता येत नाही. मुदतीनंतर आलेल्या पानभर मजकुराला तो मान नसतो.

महिनाभरात उत्तर आले नाही, तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आवक क्रमांक द्यावा आणि या निवेदनावर कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा मारला त्याची प्रत मागावी. राज्याच्या नियमांनुसार हा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो.