मेन्यूवरचं ट्रफल आणि रस्त्याकाठच्या सात्या

चंद्रपूर-गोंदियाकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावी 'ट्रफल आहे का?' विचारलं, तर बेकरीवाला काचेच्या कपाटातून चॉकलेटचा केक काढतो. त्याचं काही चुकत नाही. कोकोत घोळलेला चॉकलेटचा ओबडधोबड गोळा मातीतून उकरलेल्या ट्रफलसारखा दिसतो, म्हणून त्या मिठाईला हे नाव पडलं. पुढे ते केकला चिकटलं आणि केकसोबत आपल्याकडे आलं. ताडोबाच्या वाटेवरच्या रिसॉर्टात 'ट्रफल फ्राइज' वाचून, बटाट्यावर चॉकलेट कशाला, असं कुणी विचारलं तर हसू नये.

खरं ट्रफल म्हणजे ओक, हेझल अशा झाडांच्या मुळांशी जोडून जमिनीखाली वाढणारी बुरशी. वीज पडली की ती जन्मते, असं रोमन काळात मानत. 19व्या शतकात द्राक्षमळे किडीनं बसले तेव्हा फ्रान्समध्ये तिथं ओक लावले गेले आणि उत्पादन भरात आलं. पहिल्या महायुद्धानंतर ते कोसळलं. इटलीनं 1985 मध्ये ट्रफल शोधायला डुकरं वापरण्यावर बंदी घातली, तेव्हापासून तिथं हे काम कुत्र्यांचं.

आपल्या मेन्यूकार्डाशी मात्र संबंध आहे तो 1967 चा. त्या वर्षी पांढऱ्या ट्रफलच्या वासातला मुख्य घटक ओळखला गेला: 2,4-डायथायापेंटेन. हे गंधकयुक्त रसायन कारखान्यात बनतं. साध्या तेलात त्याचे थेंब घातले की 'ट्रफल ऑइल' तयार. बाजारातल्या बहुतेक बाटल्या अशाच. खऱ्या ट्रफलचा वास काढल्यापासून काही दिवसांतच उतरतो, त्यामुळे इतक्या लांब ते ताजं आणून परवडणार कसं? बाटली महिनोन् महिने टिकते. यात फसवणूक आहे का, यावर स्वयंपाकी मंडळींत दोन तट आहेत. व्हॅनिला इसेन्स चालतो तर हे का नको, असं एक बाजू म्हणते. माझं मत दुसरीकडे झुकतं. व्हॅनिला इसेन्सच्या आइस्क्रीमला कुणी जंगलातल्या दुर्मीळ ठेव्याचे पैसे लावत नाही.

विदर्भात बाहेर जेवणं म्हणजे कालपरवापर्यंत सावजी, हायवेचा ढाबा, नाहीतर शेतात रोडगे-वांग्याची पार्टी. 1995 मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प झाला, पुढे पर्यटक वाढले आणि त्यांच्या मागोमाग शहरी मेन्यूकार्डं आली. तेलाची बाटली त्यांच्यासोबतच आली.

त्यातच आता 'देशी ट्रफल' हा शब्द रूढ होऊ पाहतोय. तो लावतात गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरच्या बोड्याला. सालाच्या झाडाखाली, पहिल्या पावसात, मातीतून निघणारे हे गोळे हंगामाच्या सुरुवातीला मटणापेक्षा महाग जातात. दिसणं, मुळांशी नातं, भाव, सगळं ट्रफलसारखं. पण शास्त्राच्या हिशेबानं ही बुरशी वेगळ्याच कुळातली. आणि गंमत म्हणजे वीज कडाडली की बोडा फुटतो, ही समजूत इथंही आहे. काही जण तर आपल्या सात्यांनाही, म्हणजे पावसाळ्यातल्या रानअळिंब्यांनाही, ट्रफल म्हणू लागलेत. हे मात्र पटत नाही. सात्या जमिनीवर छत्री उघडून उभ्या राहतात, वाळवीच्या वारुळातून येतात, आणि वाळवीशिवाय त्यांची शेती अजून कुणाला जमलेली नाही. बोड्याला एकवेळ चालेल, सात्यांना हे नाव लावून काय मिळतं? रिसॉर्टात प्लेटमागे चार पैसे जास्त, इतकंच.

पळसाच्या पानावर सात्यांचे ढीग मांडून बाया सकाळीच रस्त्याच्या कडेला बसतात. सात्या दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाहीत, म्हणून ढाब्याच्या कार्डावर त्यांचं नाव छापलेलं नसतं. पावसाळ्यात गल्ल्यावर विचारावं लागतं, 'आज सात्या आल्या का?'