अपील ‘दाखल’ झाले म्हणजे नेमके काय झाले?

‘अपील दाखल झाले’ एवढ्या तीन शब्दांत मराठीत दोन वेगळ्या गोष्टी मावतात. वकिलाने कागद खिडकीवर दिले, कोर्ट फी भरली, नंबर पडला, की अपील दाखल. आणि पुढे कधीतरी न्यायमूर्तींनी प्राथमिक सुनावणी घेऊन ‘यात ऐकण्यासारखे आहे’ असे ठरवले, तेही दाखल. कोर्टात वावरणारी माणसे दुसऱ्या प्रकाराला ‘दाखल करून घेतले’ किंवा सरळ ‘अ‍ॅडमिट झाले’ म्हणतात. पक्षकाराला मात्र हा फरक बहुधा अपील अ‍ॅडमिशनलाच फेटाळले गेल्यावर कळतो. मुंबई उच्च न्यायालय दिवाणी अपिले कशी निकाली काढते, याचा इतिहास बराचसा या दोन ‘दाखल’मधल्या जागेचा आहे.

हे न्यायालय सुरू झाले १४ ऑगस्ट १८६२ रोजी. सर मॅथ्यू सॉस हे पहिले मुख्य न्यायमूर्ती. पण ते कोऱ्या पाटीवर सुरू झाले नाही. मुंबई बेटापुरते, इंग्लिश कायद्याने आणि बॅरिस्टरांच्या जोरावर चालणारे सुप्रीम कोर्ट इथे १८२४ पासून होते. पुणे, सातारा, रत्नागिरी, खानदेश अशा बाकी मुलखाची अपिले सदर दिवाणी अदालतीकडे, म्हणजे कंपनी सरकारच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयाकडे येत, आणि तिथे १८२७ च्या एल्फिन्स्टन कोड या कायदेसंग्रहाचा अंमल होता. ही दोन घरे एका छपराखाली आणून उच्च न्यायालय झाले, पण मधली भिंत राहिली. एका बाजूला ओरिजिनल साइड, म्हणजे मुंबई शहरातले मोठे दावे थेट चालवणारी. दुसऱ्या बाजूला अपिलेट साइड, मुफस्सलातली, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखातली अपिले ऐकणारी.

भिंत भाषेतही होती. अंतरिम आदेश हवा असेल तर ओरिजिनल साइडला ‘नोटीस ऑफ मोशन’ काढायची किंवा ‘चेंबर समन्स’, आणि कागद जायचे प्रोथोनोटरी या उच्चारायलाही अवघड अशा अधिकाऱ्याच्या कार्यालयात. अपिलेट साइडला त्याच कामासाठी साधे ‘सिव्हिल अ‍ॅप्लिकेशन’. तिकडे सॉलिसिटरने कागद तयार करायचे आणि कौन्सेलने उभे राहून बोलायचे, ही दुहेरी पद्धत १९७६ अखेरपर्यंत कायद्याने सक्तीची होती. इकडे एकच वकील सगळे करी. अलीकडच्या काही वर्षांत मुंबईत या जुन्या नावांची जागा ‘इंटरिम अ‍ॅप्लिकेशन’ने घेतली. जुने वकील बोलताना अजून ‘मोशन’च म्हणतात.

मुफस्सलातल्या दाव्याचे पहिले अपील कुठे जायचे, हे रकमेवर ठरे. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालये कायद्यात ही रेषा ५,००० रुपयांची होती: त्याखालचे अपील जिल्हा न्यायालयात, वरचे थेट उच्च न्यायालयात. ती रेषा पुढे वेळोवेळी वर सरकत गेली आहे. पहिल्या अपिलात सगळेच उघडे असते, कायदा आणि वस्तुस्थिती दोन्ही. न्यायमूर्ती साक्षीपुरावे पुन्हा वाचतात, मुद्दे काढतात आणि प्रत्येक मुद्द्यावर कारणांसह निर्णय देतात. पण ते वाचतात, ऐकत नाहीत. साक्षीदार पिंजऱ्यात कसा उभा होता, कुठे अडखळला, हे खालच्या न्यायाधीशाने पाहिलेले असते. वर येतो तो फक्त कागद.

हा फरक काय करू शकतो याचे मराठी वाचकांना माहीत असलेले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ताईमहाराज प्रकरण. पुण्याचे सरदार बाबामहाराज १८९७ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे लोकमान्य टिळक हे विश्वस्तांपैकी एक. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेत जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले, असे टिळकांचे म्हणणे. ते झालेच नाही, असे बाबामहाराजांच्या विधवा ताईमहाराज यांच्या बाजूचे. त्यांनी पुढे कोल्हापूरच्या दुसऱ्या मुलाला दत्तक घेतले होते. फौजदारी खटल्याचा भाग निराळा आणि अधिक गाजलेला. दिवाणी दाव्यात पुण्याच्या न्यायालयाने १९०६ मध्ये टिळकांच्या बाजूने निकाल दिला. तो उच्च न्यायालयाने १९१० मध्ये पहिल्या अपिलात फिरवला. न्या. चंदावरकर आणि न्या. हीटन यांच्या खंडपीठाने टिळक आणि त्यांच्या साक्षीदारांवर विश्वास ठेवला नाही. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते.

मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, हा निकाल उलटवून पुण्याचा निकाल कायम केला. त्यांचे कारण आजही उलटतपासणीच्या चर्चेत येते. साक्षीदार खोटे बोलतो, कटात सामील आहे असे म्हणायचे असेल, तर ते त्याला पिंजऱ्यात असताना विचारले पाहिजे आणि उत्तर द्यायची संधी दिली पाहिजे. ती न देता नंतर कागदावरून त्याला खोटा ठरवता येत नाही. दत्तविधानापासून शेवटच्या शब्दापर्यंत चौदा वर्षे गेली. तरी हे लंडनपर्यंत पोचू शकणारे प्रकरण होते. तिथे जायला सर्वसाधारणपणे दाव्याची किंमत किमान १०,००० रुपये लागे. १९४९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचा मार्ग बंद झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या दारावरही २०,००० रुपयांची पाटी होती. ती १९७३ मध्ये तिसाव्या घटनादुरुस्तीने निघाली.

सामान्य शेतकऱ्याचे, भाडेकरूचे, वाटणीवरून भांडणाऱ्या भावांचे प्रकरण उच्च न्यायालयात येते ते बहुतेक दुसरे अपील म्हणून. दिवाणी न्यायाधीशापुढे दावा, जिल्हा न्यायालयात पहिले अपील आणि मग हे. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याला ‘स्पेशल अपील’ म्हणत. ‘दुसरे अपील’ हे नाव १८७७ च्या संहितेने आणले. पहिल्यापासून ते कायद्याच्या चुकीपुरतेच होते. १८९० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बजावले, की वस्तुस्थितीबद्दलचा निष्कर्ष कितीही ढळढळीत चुकीचा वाटला, तरी तेवढ्यावर दुसऱ्या अपिलात हात घालता येणार नाही. १९०८ च्या संहितेच्या कलम १०० मध्ये मात्र शब्द सैल होते: निर्णय कायद्याच्या किंवा कायद्याइतक्या मान्य रूढीच्या विरुद्ध असणे, महत्त्वाचा मुद्दा सुटणे, प्रक्रियेत मोठा दोष असणे. एवढ्या फटीतून कुशल वकील काय काय आत नेऊ शकतो! पुरावा ‘चुकीचा वाचला’ म्हटले की वस्तुस्थितीचा प्रश्न, पुरावा ‘वाचलाच नाही’ म्हटले की कायद्याचा.

अपील जितके अधिक तितका न्याय अधिक, हे सगळ्यांनीच मानले होते असेही नाही. १८७५ मध्ये सुप्यापासून भडकलेल्या दख्खनच्या दंग्यांनंतर पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. त्याच्या दुसऱ्या प्रकरणाखालच्या दाव्यांत अपीलच ठेवले नव्हते. त्याऐवजी जिल्हा न्यायाधीश आणि खास नेमलेला स्पेशल जज यांनी निकाल तपासायचे. विचार सरळ होता. अपील लढवायला पैसा लागतो आणि तो कुळाकडे नसतो, सावकाराकडे असतो. १८८७ पासून या स्पेशल जजच्या खुर्चीवर महादेव गोविंद रानडे होते. तेच १८९३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. म्हणजे एकाच माणसाने अपिलाविना चालणारी व्यवस्था सांभाळली आणि अपिलांवर चालणारीही. मला हे दुसऱ्या अपिलाच्या कहाणीतले सर्वांत कमी सांगितले गेलेले पान वाटते.

दुसरे अपील खरे आवळले ते प्र. बा. गजेंद्रगडकरांच्या काळात. साताऱ्याचे गजेंद्रगडकर १९२६ पासून मुंबईच्या अपिलेट साइडला वकिली करत होते, १९४५ मध्ये तिथेच न्यायमूर्ती झाले आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश. दुसऱ्या अपिलांचे गठ्ठे त्यांनी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले होते. विधी आयोगाचे अध्यक्ष म्हणून १९७३ च्या चोपन्नाव्या अहवालात त्यांनी कलम १०० बदलण्याची शिफारस केली, आणि १९७६ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ फेब्रुवारी १९७७ पासून, साध्या ‘कायद्याच्या प्रश्ना’ची जागा ‘कायद्याच्या महत्त्वपूर्ण प्रश्ना’ने घेतली. नुसता प्रश्न असून भागत नाही. अपीलकर्त्याने तो मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात नेमका लिहायचा, न्यायमूर्तींनी तो दाखल करून घेतानाच स्वतः शब्दांत मांडायचा, आणि पुढची सुनावणी त्याच प्रश्नावर. ऐन वेळी वेगळा प्रश्न घ्यायचा तर त्याची कारणे नोंदवायची. शिवाय किरकोळ पैशांच्या दाव्यांत दुसरे अपीलच नाही; ती मर्यादा १९७६ मध्ये ३,००० रुपये होती, २००२ पासून २५,००० आहे.

‘महत्त्वपूर्ण’ कशाला म्हणायचे? याचे उत्तरही मुंबईच्याच एका प्रकरणातून आले. सर चुनीलाल मेहता अँड सन्स विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या वादात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली कसोटी अशी: प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा आहे का, किंवा पक्षकारांच्या हक्कांवर थेट आणि मोठा परिणाम करतो का, आणि तो अजून मोकळा आहे का, की वरच्या न्यायालयांनी आधीच सोडवला आहे. ही कसोटी दुसऱ्या अपिलासाठी सांगितलेली नव्हती, सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या दाखल्यासाठी होती. पण १९७७ नंतर ती इथे कायमची वस्तीला आली.

त्यामुळे दुसऱ्या अपिलाचे मरण बहुतेकदा अ‍ॅडमिशनलाच होते. दोन्ही खालच्या न्यायालयांचा निष्कर्ष एकच असेल तर वकिलाच्या हाती जेमतेम काही मिनिटे असतात. प्रश्न उभा राहिला नाही की अपील तिथेच फेटाळले, समोरच्याला नोटीसही न जाता.

आणि अ‍ॅडमिट झाले तरी? मग सगळे लक्ष जाते सोबतच्या अर्जाकडे. अपील केले म्हणून हुकूमनाम्याची, म्हणजे खालच्या न्यायालयाने दिलेल्या अंतिम आदेशाची अंमलबजावणी आपोआप थांबत नाही, हे संहितेच्या ऑर्डर ४१ मध्ये स्पष्ट आहे. स्थगिती मागावी लागते, नुकसान कसे होईल ते दाखवावे लागते, पैशांचा हुकूमनामा असेल तर रक्कम कोर्टात जमा करावी लागते किंवा तारण द्यावे लागते. स्थगिती मिळाली तर ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे राहतो आणि अपील अंतिम सुनावणीसाठी रांगेत उभे राहते. नाही मिळाली तर बेलीफ घरी येतो. कागदावर मुख्य असते ते अपील, पण पक्षकाराचे आयुष्य ज्यावर फिरते तो हा अर्ज.

म्हणूनच अर्जावरच्या आदेशाविरुद्ध अपील करता येते का, हा वाद शंभर वर्षे पेटत राहिला. लेटर्स पेटंट, म्हणजे उच्च न्यायालय स्थापन करणारी सनद, हिच्या कलम १५ प्रमाणे एका न्यायमूर्तीच्या ‘जजमेंट’विरुद्ध त्याच न्यायालयाच्या एकाहून अधिक न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे जाता येते. पण नोटीस ऑफ मोशनवरचा आदेश ‘जजमेंट’ आहे का? मुंबईचे मुख्य न्यायमूर्तिपद भूषवून कलकत्त्याला गेलेल्या सर रिचर्ड काऊच यांनी १८७२ मध्ये व्याख्या केली: पक्षकारांचा एखादा हक्क किंवा दायित्व ठरवून वादाच्या गाभ्यावर परिणाम करणारा निर्णय म्हणजे जजमेंट, मग तो अंतिम असो वा मधल्या टप्प्यावरचा. मद्रासने १९१० मध्ये वेगळी वाट धरली आणि आदेशाने दावा संपतो का, याकडे पाहिले. मुंबईत सहसा काऊच यांचेच चाले. अखेर मुंबईच्याच एका दाव्यात हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे १९८१ मध्ये न्या. फजल अली यांनी दोन्ही व्याख्या अपुऱ्या ठरवल्या आणि रिसीव्हर (वादातली मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस) व अंतरिम मनाई नाकारणारा आदेश अपिलाला पात्र धरला. मोशनवरून अपील, हा ओरिजिनल साइडचा रोजचा व्यवहार तेव्हापासून निर्धोक झाला.

अपिलेट साइडला मात्र उलटे घडत गेले. १९७६ मध्ये कलम १०० अ आले आणि दुसऱ्या अपिलातल्या एका न्यायमूर्तीच्या निकालावर खंडपीठाकडे जाणे थांबले. १ जुलै २००२ पासून तेच पहिल्या अपिलालाही लागू झाले. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालये कायद्याने मोठ्या व्यापारी वादांत तर लेटर्स पेटंटची वाटही बंद केली: अपील ६० दिवसांत, आणि निकाल शक्यतो सहा महिन्यांत.

निकाल लागणे आणि निकाली निघणे यात फरक आहे, हेही सांगायला हवे. अपील मंजूर होते, नामंजूर होते, फेरविचारासाठी खाली परत जाते, तडजोडीने मिटते. काही अपिले यातले काहीच न होता संपतात. वकील हजर नसेल तर अपील गैरहजेरीत काढून टाकता येते. पण १९७६ पासून, अपीलकर्ता नसताना गुणदोषांवर फेटाळता येत नाही. सर्वांत नेहमीचे कारण मृत्यू. पक्षकार वारला आणि ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आले नाहीत तर अपील त्याच्यापुरते आपोआप संपते. ते उठवायला आणखी ६० दिवस, त्यानंतर विलंबमाफीचा वेगळा अर्ज. दीर्घकाळ रांगेत राहिलेल्या वाटणीच्या अपिलात अशा अर्जांची फाइल मूळ मेमोपेक्षा जाड होते. सासरी गेलेल्या मुलीचे नाव राहिले, नातवाचा पत्ता बदलला, नोटीस परत आली, की पुन्हा तारीख.

आता या कामाला एक नवा पत्ता मिळाला आहे. नागपूरला १९३६ पासून स्वतःचे उच्च न्यायालय होते, ते १९५६ मध्ये मुंबईचे खंडपीठ झाले. औरंगाबादला २७ ऑगस्ट १९८१ पासून, पणजीला १९८२ च्या ऑक्टोबरअखेर खंडपीठ आले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांना मात्र १८ ऑगस्ट २०२५ पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले. पाच मिनिटांच्या अ‍ॅडमिशनसाठी सावंतवाडीहून किंवा अक्कलकोटहून रात्रभर गाडीने मुंबईला येऊन, बोर्डावर आपला नंबर शोधणारा पक्षकार आता तो कोल्हापुरात शोधतो.