हॉस्टेलच्या पत्त्यावर मतदार नोंदणी: अर्ज नेमका कुठे अडकतो

पुण्यातल्या एका कॉलेजात नोंदणीच्या टेबलावर मी दरवर्षी बसते. एकदा टेबलासमोरच दोन पोरांची चांगलीच जुंपली होती, विषय होता महापालिकेची निवडणूक. एक लातूरकडचा, दुसरा नंदुरबारचा, दोघंही विशीतले आणि दोघांचे मुद्दे बिनतोड. मी मध्येच विचारलं, "यादीत नाव आहे का रे?" दोघंही गप्प झाले. नंदुरबारच्या पोराने अर्जच केला नव्हता. लातूरच्याने दोनदा केला होता आणि दोन्ही वेळा तो "अर्जदार पत्त्यावर आढळला नाही" या शेऱ्यासह परत आला होता. शेरा खोटा नव्हता. तपासणीला माणूस आला तेव्हा पोरगा प्रॅक्टिकलला होता.

मुळात शिक्षणासाठी घरापासून लांब राहणाऱ्या विद्यार्थ्याला निवड करता येते. त्याने गावी आई-वडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवावं किंवा सध्या राहतो त्या हॉस्टेलच्या पत्त्यावर नोंदवावं. कॉलेजने चालवलेल्या हॉस्टेलप्रमाणेच बाहेरच्या हॉस्टेलवर राहणाऱ्यांनाही ही मुभा आहे. अट एवढीच की अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा. "तू इथला नाहीस, गावी जा," असं कुणी खिडकीवर सांगितलं तर नम्रपणे हे सांगा आणि अर्ज द्याच. इतकी साधी गोष्ट मुलांना चार-चार वेळा सांगावी लागते, याचा मला दरवेळी राग येतो.

आधी यादीत नाव शोधा

अर्ज भरण्याआधी निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर स्वतःचं नाव शोधा. अनेकांचं नाव बारावीनंतर वडिलांनी गावी नोंदवलेलं असतं आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो. नाव कुठेच नसेल तर नमुना ६ भरायचा. गावी नाव असेल आणि इथे आणायचं असेल तर नमुना ८, स्थलांतरासाठी. नमुना ८ मध्ये ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो, मतदारसंघ बदलतो. गावी नाव असताना इथे पुन्हा नमुना ६ भरू नका. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही, आणि अर्जाखाली खोटं प्रतिज्ञापन केलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलं हे मुद्दाम करत नाहीत, घाईत करतात. म्हणून आधी शोधा.

आणि एक विचार जरूर करा. शेवटचं सत्र चालू असेल, पुढे गावीच परतायचं असेल, ग्रामपंचायतीत मत द्यायचं किंवा कधी उभं राहायचं मनात असेल, तर नाव गावीच राहू द्या. मात्र विद्यार्थ्यांना टपाली मतदान नाही. मतदानाच्या दिवशी गावी जावंच लागेल, मग दुसऱ्या दिवशी पेपर असो वा नसो.

बोनाफाईड: सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात

वयाचा पुरावा सगळ्यांकडे असतो. जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, जन्मदाखला, आधार, पॅन, यातलं एक पुरे. अडचण पत्त्याच्या पुराव्याची. आधारवर गावचा पत्ता, बँकेचं पासबुक गावच्या शाखेचं, वीजबिल हॉस्टेलच्या ट्रस्टच्या नावाचं. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाकडे त्या पत्त्याचा स्वतःच्या नावाचा एकही कागद नसतो. म्हणूनच निवडणूक आयोगाने संस्थाप्रमुखाच्या दाखल्याची सोय ठेवली आहे. मुख्याध्यापक, प्राचार्य, संचालक, कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांच्यापैकी कुणाचाही दाखला चालतो आणि त्याचा नमुना ठरलेला आहे.

गडबड होते ती ऑफिसात. मुलगा खिडकीवर जाऊन "बोनाफाईड द्या" म्हणतो. क्लार्क रेल्वे पासासाठी देतात तोच छापील कागद काढून देतो. त्यावर गावचा पत्ता असतो, हॉस्टेलचं नाव नसतं, अभ्यासक्रम किती वर्षांचा तेही नसतं. असा दाखला जोडलेला अर्ज टिकत नाही. म्हणून आयोगाच्या नमुन्याची छापील प्रत सोबत न्या आणि स्पष्ट सांगा: मतदार नोंदणीसाठी हवा आहे, यात हॉस्टेलचं नाव, इमारत, खोली क्रमांक आणि अभ्यासक्रमाचा कालावधी लिहा. खाली प्राचार्यांची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक आहे का ते खिडकी सोडण्याआधी तपासा. जावक क्रमांक राहिला म्हणून पुन्हा रांगेत उभी राहिलेली मुलं मी दर जुलैत पाहते.

कॉट बेसिसवर किंवा चौघांत फ्लॅट घेऊन राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. त्यांना नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि करारात बहुतेक वेळा एकाच मुलाचं नाव असतं. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार होतानाच चौघांची नावं घालायला लावा. नंतर मालक फोन उचलत नाहीत.

मतदारसंघ ठरतो तो हॉस्टेलच्या पत्त्यावरून. कॉलेज कोथरूडमध्ये असेल आणि हॉस्टेल शिवाजीनगर मतदारसंघात, तर शिवाजीनगरच निवडायचं.

तारखेचा घोळ

१९८९ साली मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, पण "१८ पूर्ण" हे कोणत्या दिवशी मोजायचं यावर आजही मुलं चुकतात. अर्हता दिनांक वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. २ जानेवारी २००८ ला जन्मलेली मुलगी १ जानेवारी २०२६ च्या यादीत बसत नाही, ती १ एप्रिलच्या यादीत येते. १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो, तो त्या-त्या तिमाहीत निकाली निघतो.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. "निवडणूक जाहीर झाली की भरू," असं मुलं म्हणतात. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घेता येत नाही. त्याआधी दिलेल्या अर्जावरही हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणजे त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोहोचायला हवा. महापालिका आणि जिल्हा परिषदेचं गणित आणखी निराळं. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी एका ठरलेल्या तारखेची घेऊन प्रभागांत विभागतो. नुकत्याच झालेल्या स्थानिक निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर अठरा पूर्ण केलेली कितीतरी मुलं प्रचारात पायपीट करत होती आणि मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर उभी राहिली.

तपासणीच्या दिवशी

ऑनलाइन अर्जात फोटो, मोबाइल क्रमांक, नाव भरायचं असतं. मराठी नाव यंत्र आपोआप लिहितं, ते तपासा. शेवटी मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवा.

त्यानंतर पत्त्याची तपासणी करायला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, येतात. बहुतेकदा त्या शाळेतल्या बाई किंवा अंगणवाडी सेविका असतात, आपलं काम सांभाळून येतात, साधारण अकरा-बाराला. तेव्हा हॉस्टेल रिकामं असतं. गेटवरचा वॉचमन म्हणतो, "अशा नावाचं कोणी नाही." झालं, अर्ज गेला. यावर आम्ही केलेला उपाय साधा आहे. अर्ज केलेल्या मुलांची नावं खोली क्रमांकांसह एका वहीत लिहून ती रेक्टरकडे ठेवली, तिची प्रत वॉचमनला दिली आणि बीएलओंना आधीच फोन करून संध्याकाळची वेळ मागितली. बाई आनंदाने आल्या, त्यांचीही एक फेरी वाचली.

कॉलेजात टेबल लावणार असाल तर मतदार साक्षरता मंडळामार्फत किंवा एनएसएसमार्फत लावा, आणि टेबलावर कुठल्याही पक्षाचा बिल्ला, उपरणं, पत्रक येऊ देऊ नका. आमच्याकडे दोन विरोधी संघटनांची पोरं एकाच टेबलावर बसतात, एकाने भरलेला अर्ज दुसऱ्याने तपासायचा. पहिल्या दिवशी एकमेकांकडे बघतही नव्हती. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता शुल्कवाढीवर बोलत होती, आवाज न चढवता, एकमेकांचं पूर्ण ऐकून घेत.

अर्ज नामंजूर झाला तर गप्प बसू नका. कारण लेखी मागा. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, तिथेही नकार मिळाला तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. लातूरच्या पोराला अपिलाची गरज पडली नाही. तिसऱ्या अर्जाच्या वेळी तो संध्याकाळी पाच वाजल्यापासून गेटवर दाखला हातात घेऊन उभा होता.