पॉडकास्टमधली माहिती आणि तुमच्यासाठीचा सल्ला

साताऱ्याचे माझे मामा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाले तेव्हा पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 26 लाख रुपये हातात आले. ते त्यांनी मुदत ठेवींत टाकले. मुलीने फोनवर पॉडकास्ट लावायला शिकवलं आणि सकाळच्या फिरण्यात त्यांना कानातली सोबत मिळाली. एके दिवशी साडेसातलाच फोन आला.

"अरे, एफडी मोडू का रे? तो म्हणतोय, एफडीत पैसे ठेवणं म्हणजे पैसे कुजवणं."

"कोण म्हणतोय, मामा?"

"अरे तो रोजचा. चांगला माणूस आहे. आपल्याला समजेल असं सांगतो."

डोंबिवलीहून ऑफिसला जाताना लोकलमध्ये मी तो एपिसोड ऐकला. सांगणारा खरंच चांगला होता आणि खोटं काहीच बोलत नव्हता. त्याचा हिशेब असा होता: ठेवीवर 7 टक्के व्याज, त्यातला 30 टक्के कर गेला की हातात राहतात 4.9 टक्के. महागाई 5 टक्के धरली तर मुद्दल वाढत तर नाहीच, उलट किंचित झिजतं. गणित बरोबर आहे. फक्त त्यातला 30 टक्के कर मामांना लागत नाही, कारण त्यांचं उत्पन्न करपात्रच नाही. शिवाय ते 26 लाख म्हणजे त्यांची सगळी पुंजी. पीएफसोबत मिळणारी ईपीएसची पेन्शन इतकी तुटपुंजी की महिन्याचं सामान भरायला पुरत नाही. पस्तिशीतल्या पगारदाराला जागं करणारं तेच वाक्य मामांच्या कानात शिरताना 'उद्या बँकेत जाऊन ठेवी मोड' असं होऊन शिरलं.

माहिती आणि सल्ला या दोन गोष्टी पॉडकास्टमध्ये सारख्याच वाटतात, कारण आवाज तोच आणि भाषा तीच. त्यात हेडफोन असल्यामुळे माणूस आपल्या एकट्याशीच बोलतोय असं वाटतं. पण माहिती असते वस्तूबद्दल: ठेव कशी चालते, कर कुठे कापला जातो, इंडेक्स फंडात काय असतं. सल्ला असतो माणसाबद्दल: तुमचं वय, तुमच्यावर अवलंबून असलेली माणसं, तुमचं कर्ज, तुमची झोप. आकाशवाणीवरच्या शेतीच्या कार्यक्रमात उसाला खताचा हप्ता कधी द्यायचा ते सांगतात, पण आपल्या वावरात किती टाकायचं हे माती परीक्षणाचा कागद बघूनच ठरतं. शेतकऱ्याला हा फरक कुणी समजावून द्यावा लागत नाही. पैशाच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसंही तो विसरतात.

ओळखायचं कसं? मला आधी वाटायचं, क्रियापद ऐकलं की पुरे. 'असतं, मिळतं, कापलं जातं' आलं की माहिती आणि 'घ्या, विका, मोडा' आलं की सल्ला. थोड्या दिवसांत कळलं की ही चाळणी फार भोकांची आहे. 'सहा महिन्यांच्या खर्चाइतके पैसे बाजूला ठेवा' हे आज्ञार्थी आहे, तरी ते जवळपास सगळ्यांना लागू पडणारं शिक्षण आहे. उलट 'मी तुम्हाला काहीच सांगत नाही, पण माझ्या पोर्टफोलिओत हा शेअर आहे' या वाक्यात आज्ञा कुठेच नाही आणि ऐकणारा मात्र संध्याकाळपर्यंत तो शेअर घेऊन मोकळा होतो. म्हणून आता मी दोन गोष्टी बघतो. समोरच्याने बोलण्याआधी मला काही विचारलं का? आणि त्याचं चुकलं तर त्याला जाब देणं भाग आहे का? दोन्हींची उत्तरं 'नाही' असतील तर ती माहिती आहे, मग ती कितीही ठामपणे सांगितलेली असो.

आपल्याकडचा कायदाही साधारण याच रेषेवर उभा आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची गुंतवणूक सल्लागारांसाठीची नियमावली 2013 ची आहे. वर्तमानपत्र, नियतकालिक किंवा सर्वांना खुल्या असलेल्या प्रसारण माध्यमातून सांगितलेली गोष्ट या नियमावलीपुरती 'गुंतवणूक सल्ला' मानली जाणार नाही, असं त्या मूळ नियमावलीतच म्हटलं होतं. मला हे वाचून आश्चर्य वाटलं होतं. विचार केल्यावर पटलं: जे हजारो जणांना एकाच वेळी सांगितलं, ते कुणा एकाच्या मापाने शिवलेलं असूच शकत नाही. याचा अर्थ माइकसमोर बसून काहीही बोलावं असा नाही. अमुक शेअर घ्या, तमुक विका असं जाहीर सांगणाऱ्यांसाठी 2014 ची रिसर्च अ‍ॅनालिस्टची वेगळी नियमावली आहे आणि त्यासाठी वेगळी नोंदणी लागते.

नोंदणी क्रमांकाची पहिली अक्षरं पाठ करून ठेवा. आयएनए म्हणजे गुंतवणूक सल्लागार, आयएनएच म्हणजे रिसर्च अ‍ॅनालिस्ट. एआरएन हा म्युच्युअल फंड वितरकाचा क्रमांक असतो आणि त्याला फंड कंपनीकडून कमिशन मिळतं. वितरक असण्यात गैर काही नाही. पण पॉडकास्टमधला पाहुणा 'मी बारा वर्षं लोकांचं आर्थिक नियोजन करतोय' म्हणाला, तर तो या तिघांतला नेमका कोण आहे हे त्याच्या वेबसाइटच्या तळाशी जाऊन मी बघतोच. पहिल्या दोघांचे क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतात, पाच मिनिटांचं काम आहे.

माहितीच्या कपड्यात सल्ला विकणाऱ्यांमुळे ही रेषा सेबीला आणखी ठळक करावी लागली. ऑक्टोबर 2023 मध्ये 'बाप ऑफ चार्ट' या नावाने चालणाऱ्या उद्योगाविरुद्ध सेबीने अंतरिम आदेश काढला. शेअर बाजाराचं शिक्षण देतो असं सांगून प्रत्यक्षात खरेदी-विक्रीच्या शिफारशी दिल्या, असं त्यात म्हटलं होतं आणि सुमारे 17.2 कोटी रुपये वेगळ्या खात्यात जमा करायला सांगितलं होतं. पुढे 29 जानेवारी 2025 च्या परिपत्रकात सेबीने स्पष्ट केलं की निव्वळ शिक्षण देणाऱ्याने शेअरचं नाव घेऊन बोलताना मागच्या तीन महिन्यांतला बाजारभाव वापरू नये. मला हा निकष फार आवडतो. ताळेबंद कसा वाचायचा हे शिकवायला जुनी आकडेवारी पुरते. आजचाच भाव लागत असेल, तर शिकवण्यापलीकडचं काहीतरी चाललेलं असतं.

एपिसोडच्या शेवटी घाईघाईत एक वाक्य येतं: 'हा कार्यक्रम केवळ माहितीसाठी आहे, गुंतवणुकीपूर्वी आपल्या सल्लागाराशी बोला.' आपण तोवर पुढचा एपिसोड लावलेला असतो. माझ्या मते पूर्ण तासातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य ते असतं.

हे वाचून पॉडकास्ट ऐकण्यात काही अर्थ नाही असं कृपा करून समजू नका. मी पैशाबद्दल जे शिकलो त्यातलं निम्मं लोकलच्या दारात उभं राहून कानांनी शिकलो. काही माहिती इतकी पुरती असते की तिच्यापुढे सल्ल्याची गरजच पडत नाही. पीपीएफचंच (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचंच) घ्या. महिन्याचं व्याज मोजताना 5 तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असते ती धरतात. म्हणजे दीड लाख रुपये 4 एप्रिलला भरले तर एप्रिलचं व्याज मिळतं, 7 तारखेला भरले तर बुडतं. 7.1 टक्क्यांनी ते 887 रुपये 50 पैसे होतात. मी सहा वर्षं 10 तारखेला भरत होतो. एका एपिसोडमधल्या वीस सेकंदांनी ती सवय मोडली. पीपीएफ खातं असलेल्या कुणालाही हे तसंच्या तसं लागू पडतं, मग तो नाशिकचा असो की नागपूरचा. पण 'पीपीएफमध्ये भरू की एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत?' असा प्रश्न आला की तिथे माहिती संपते.

आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा अनुभव तर विसरण्यासारखा नाही. मुदत संपलेली ठेव परत लावायला त्या बँकेत गेल्या आणि विम्याची पॉलिसी घेऊन आल्या. 'एफडीसारखंच आहे, फक्त व्याज जास्त' असं त्यांना सांगितलं गेलं होतं. वर्षाला 1 लाख रुपये, तेही दहा वर्षं भरायचे, हे घरी आल्यावर सुनेने कागद वाचला तेव्हा कळलं. काकूंनी रडवेल्या आवाजात मला बोलावलं. मला आदल्याच महिन्यात ऐकलेला विम्यावरचा एक एपिसोड आठवला: पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते, याला फ्री लुक पीरियड म्हणतात. पूर्वी ही मुदत 15 दिवस होती, 2024 पासून 30 झाली. तो अठरावा दिवस होता. आम्ही त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला, दुसऱ्या दिवशी पोच घेतली आणि किरकोळ वजावट होऊन पैसे परत आले. त्या दिवशी काकूंना सल्लागार नको होता. हक्क काय आहे एवढंच कळायला हवं होतं.

चांगल्या माहितीने झालेली चूक मात्र उशिरा कळते, म्हणून तिची मला जास्त काळजी वाटते. पुण्या-बंगळुरातले माझे आयटीतले मित्र अमेरिकी पॉडकास्ट ऐकतात. तिथला चार टक्क्यांचा नियम त्यांना तोंडपाठ आहे: वर्षाच्या खर्चाच्या 25 पट रक्कम जमवा, पहिल्या वर्षी त्यातले 4 टक्के काढा, पुढे महागाईइतके वाढवत न्या. हा नियम विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये मांडला, तोही अमेरिकेतल्या शेअर आणि सरकारी रोख्यांची आकडेवारी घेऊन, 30 वर्षांच्या निवृत्तीसाठी. कोथरूडमध्ये राहणारा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडणार असेल तर त्याला चाळीस वर्षांची तरी तरतूद हवी. त्याची महागाई रुपयातली, आणि आई-वडिलांच्या दवाखान्याचा खर्च त्याच्याच खिशातून. एवढं सगळं बाजूला ठेवून एक मित्र 25 हा आकडा धरून राजीनाम्याची तारीख काढत होता. नियम चुकीचा नाही. तो ज्यांच्यासाठी मोजला, त्यांच्यात हा मित्र नव्हता.

वायदे बाजाराबद्दल, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर होणाऱ्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांबद्दल मात्र मी एवढं तोलून बोलणार नाही. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटींच्या वर होता. हे आकडे माहीत असलेला माणूस 'ऑप्शन्समधून महिन्याचं उत्पन्न' असा एपिसोड करून तरुण पोरांना तिकडे बोलावतो, तेव्हा मला खरोखर राग येतो.

तर खरा सल्ला कसा दिसतो? तो सुरुवातीला कंटाळवाणा असतो. नोंदणीकृत सल्लागाराला आधी तुमची जोखीम पेलण्याची ताकद तपासावी लागते, करार करावा लागतो आणि सुचवलेली गोष्ट तुम्हाला का योग्य आहे याची नोंद ठेवावी लागते. फी तुम्ही देता. ठराविक रकमेची फी घ्यायची तर वर्षाला एका कुटुंबाकडून 1,51,000 रुपयांच्या वर घेता येत नाही, आणि बहुतेक घरांचं काम त्याहून खूप कमी पैशांत होतं. ही फी लोकांना बोचते, कारण पॉडकास्ट फुकट असतो.

मामांनाही बोचली. ठेव मोडायच्या आधी एकदा भेटा, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आणि एका रविवारी साताऱ्याला गेलो. सल्लागार बाई चाळिशीच्या होत्या. मामा वही घेऊन आले होते, तिच्यात एपिसोडमधली वाक्यं तारखेसह उतरवलेली. बाईंनी वही आदराने वाचली. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं पान आल्यावर म्हणाल्या, "हे तुम्ही बरोबर टिपलंय. 30 लाखांची मर्यादा, 8.2 टक्के, व्याज दर तिमाहीला. हे कुठून कळलं?"

"पॉडकास्टमधून," मामा खुशीत म्हणाले.

मग बाईंनी वही मिटून बाजूला ठेवली आणि प्रश्न विचारायला लागल्या. घर कुणाच्या नावावर? मुलीच्या लग्नाचं कर्ज फिटलं का? आरोग्य विमा? मामा भराभरा उत्तरं देत होते. शेवटी बाई मामींकडे वळल्या. "वहिनी, यांची ठेव कुठल्या कुठल्या बँकेत आहे, तुम्हाला ठाऊक आहे?"

मामींनी मामांकडे पाहिलं. मामा थोडा वेळ गप्प बसले, मग उठून आतल्या खोलीत गेले आणि कपाटातली पत्र्याची पेटी बाहेर घेऊन आले.