डोक्याला मुका मार: कन्कशन की सावकाश साचणारं रक्त?

डोकं आपटलं, टेंगूळ आलं, पण सीटी स्कॅन नॉर्मल आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. काही दिवसांनी तोच माणूस म्हणतो, "डोकं जड वाटतं, काही सुचत नाही." हे कन्कशन असेल, नाहीतर कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त, म्हणजे क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा.

कन्कशनमध्ये मेंदूला हिसका बसतो आणि पेशींचं काम काही काळ बिघडतं. साध्या स्कॅनमध्ये ते दिसत नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही, बहुतेकांची हरपत नाही. खुणा बारीक असतात: मोबाईलचा उजेड खुपतो, वाचताना ओळ सुटते, डिसेंबरपासून महिने उलटे म्हणताना मध्येच अडतं, एका रेषेत पावलापुढे पाऊल टाकताना तोल जातो. घरच्यांना मात्र माणूस चिडका आणि आळशी झालाय एवढंच दिसतं. हा त्याच्यावर अन्याय आहे. पहिले 24 ते 48 तास आराम, मग झेपेल तसं चालणं-फिरणं, हा आजचा सल्ला आहे. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायला आता सांगत नाहीत. बहुतेक जण महिनाभरात बरे होतात.

सबड्युरलची गोष्ट वेगळी. वयाबरोबर मेंदू आकसतो, त्याच्या आणि वरच्या जाड आवरणाच्या मधल्या शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही फुटतात. रक्त इतकं सावकाश झिरपतं की त्रास 3 आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो. तोवर आजी मोरीत घसरल्या होत्या हे कुणाला आठवतही नाही. पाय ओढणं, दिवसभर पेंगणं, शब्द न सापडणं, सगळं वयाच्या खात्यावर जमा होतं. पहिला स्कॅन नॉर्मल होता, हा इथे पुरावा नाही.

फरक कळतो तो दिवसांच्या हिशेबाने. कन्कशन चढउतार होत का होईना, उताराला लागतं. साचणारं रक्त त्रास वाढवत नेतं. डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून समोर धरायला सांगा. एक हात आत वळत खाली घसरला, तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. हात स्थिर राहिला तरी त्रास वाढत असेल तर थांबू नका. कवटीला छोटं भोक पाडून रक्त काढलं की पुष्कळ जण पुन्हा नीट चालू-बोलू लागतात.

वारंवार उलट्या, फिट येणं, वाढती गुंगी किंवा एका बाजूची ताकद जाणं दिसलं तर थेट इमर्जन्सी गाठा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. स्वतःहून मात्र त्या बंद करू नका.