शिकाऊ उमेदवार आणि बडोद्याचे कारखानदार : पार्श्वभूमी

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. चर्चा झाली ती पगाराच्या व्याख्येची आणि ग्रॅच्युइटीची. मकरपुरा, गोरवा, नंदेसरी आणि सावलीच्या कारखान्यांत अप्रेंटिस म्हणून उभ्या असलेल्या मुलांच्या बाबतीत जे बदललं, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराच्या व्याख्येत अप्रेंटिसचा स्पष्ट उल्लेख होता. नव्या औद्योगिक संबंध संहितेत अप्रेंटिस कायद्याखालच्या शिकाऊ उमेदवाराला त्या व्याख्येतून तितक्याच स्पष्टपणे वगळलं आहे. ही गोष्ट अचानक घडलेली नाही. शिकवणं हे आपलं काम आहे की सरकारचं, आणि शिकवलेल्या मुलाचं आपण काही देणं लागतो का, या दोन प्रश्नांवर इथल्या उद्योगांनी गेल्या साठ वर्षांत जी भूमिका घेतली, तिचा हा पुढचा टप्पा आहे.

बडोद्यात या विषयाची सुरुवात कलाभवन या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेपासून करायची पद्धत आहे, म्हणून ते थोडक्यात. १८९० साली महाराजा सयाजीराव गायकवाडांनी ते सुरू केलं आणि सुरतेचे रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम हे विषय मातृभाषेतून शिकवावेत, असा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. पुढे १९०७ साली बडोद्यात रसायनांचा जो मोठा कारखाना उभा राहिला, त्याच्या संस्थापकांत गज्जर होते आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेली माणसंही होती. म्हणजे शिकवणारा आणि कारखाना काढणारा यांच्यात तेव्हा फारसं अंतर नव्हतं. शिक्षणाचा खर्च मात्र संस्थानाच्या तिजोरीतून होत होता. स्वातंत्र्यानंतर कलाभवन विद्यापीठात विलीन होऊन पदवीचं शिक्षण देऊ लागलं आणि कारागीर घडवण्याचं काम आयटीआयकडे गेलं. आजच्या मालकांची मनोवृत्ती समजून घ्यायला कलाभवनापेक्षा १९६१ चा अप्रेंटिस कायदा जास्त उपयोगी पडतो.

त्या काळात बडोद्याचं रूप बदलत होतं. १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, पाठोपाठ खताचा कारखाना आला, १९६९ मध्ये पेट्रोकेमिकल कंपनी स्थापन झाली. ऑपरेटर, फिटर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हवे होते आणि बाजारात ते तयार मिळत नव्हते. अप्रेंटिस कायद्याने ठरावीक ट्रेडसाठी ठरावीक प्रमाणात शिकाऊ घेणं मालकांवर बंधनकारक केलं. कारखाने वाढत होते तोवर या बंधनाचा जाच कुणाला वाटला नाही, कारण शिकाऊ उमेदवार पुढे लागणारच होता. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या कितीतरी मराठी घरांत ‘रिफायनरीत अप्रेंटिस लागला’ आणि ‘रिफायनरीत लागला’ ही एकच बातमी समजली जायची.

कायद्यात मात्र तसं काही लिहिलेलं नव्हतं. आणि वाद जो आहे, तो इथेच आहे.

अप्रेंटिस कायद्याचं कलम १८ म्हणतं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू होणार नाहीत. कलम २२ म्हणत होतं की प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. त्याच कलमात एक उपकलम आहे : करारातच ‘प्रशिक्षणानंतर इथे नोकरी करीन’ अशी अट असेल, तर प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर मालकाने योग्य नोकरी दिली पाहिजे. याचा परिणाम सरळ होता. ज्यांना बांधून घ्यायचं नव्हतं त्यांनी करारात ती अट घातलीच नाही.

या रचनेचं समर्थन करणाऱ्यांचं म्हणणं असं की नोकरीची सक्ती केली तर कुणी शिकाऊ घेणारच नाही, आणि शिकण्याची संधीच आटेल. हे म्हणणं मी निकालात काढत नाही. पाच-सात माणसांच्या वर्कशॉपवाल्याला दर वर्षी एक नवा कायमचा माणूस परवडणार नाही, हे उघड आहे. पण मोठ्या कारखान्यांना ही सवलत देताना त्यांच्याकडून बदल्यात काही मागितलं गेलं नाही. मुलगा वर्षभर पंपावर, व्हॉल्व्हवर, पॅनलवर उभा राहतो. वर्ष संपलं की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो आणि त्या जागी पुढच्या तुकडीतला येतो. कारखान्याची ती जागा वर्षानुवर्षं भरलेली राहते, माणूस मात्र कायम नवा. नव्वदच्या दशकात भरती आटली आणि कंत्राटी पद्धत वाढली, तशी ही साखळी पक्की झाली. २००२ साली पेट्रोकेमिकल कारखाना खासगी हातात गेला, तोवर अप्रेंटिस लागणं म्हणजे नोकरी लागणं हे समीकरण घराघरांतून पुसलं गेलं होतं.

न्यायालयांनीही यात पूर्ण दिलासा दिलेला नाही. उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं की इतर बाबी समान असतील तर थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं, सेवायोजन कार्यालयाच्या शिफारशीचा आग्रह धरू नये, आणि प्रशिक्षण झालेल्यांची यादी ठेवावी. प्राधान्य म्हणजे हक्क नव्हे. शिवाय ‘इतर बाबी समान’ आहेत की नाहीत हे ठरवणारा पुन्हा मालकच. मार्च २०१८ मध्ये रेल्वेच्या अप्रेंटिसांनी माटुंगा-दादर दरम्यान गाड्या रोखल्या, त्यामागे हीच गाठ होती. रेल्वेने भरतीत २० टक्के जागा त्यांच्यासाठी ठेवल्या होत्या; त्यांना थेट सामावून घेतलं जावं अशी मागणी होती. बडोद्यातल्या खासगी कारखान्यांत तर तेवढाही कोटा नाही.

२०१४ मध्ये कायदा बदलला आणि कलम २२ मधलं ‘नोकरी देणं बंधनकारक नाही’ हे उपकलम काढलं गेलं. त्याऐवजी आता प्रत्येक मालकाने प्रशिक्षित अप्रेंटिसांच्या भरतीबाबत स्वतःचं धोरण आखावं, असं म्हटलं आहे. वाचायला हे पुढचं पाऊल वाटतं. पण त्याच दुरुस्तीने नियमभंगासाठी असलेली सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद गेली आणि फक्त दंड उरला : कमी घेतलेल्या प्रत्येक शिकाऊमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये, नंतर १,०००. त्या काळी शिकाऊला द्यायच्या विद्यावेतनापेक्षा हा दंड स्वस्त होता. उद्योजकांच्या संघटनांची कैदेविरुद्धची तक्रार रास्त होती. शिकाऊ कमी घेतला म्हणून कुणाला तुरुंगात टाकणं शहाणपणाचं नव्हतं आणि तसं क्वचितच होत असावं. तरी कैद काढताना दंड इतका किरकोळ ठेवायची गरज नव्हती. एक गोष्ट मात्र त्या दुरुस्तीने नीट केली : शिकाऊंची संख्या ठरवताना कंत्राटदारामार्फत घेतलेले कामगारही मोजायचे. बडोद्यासारख्या कंत्राटावर चालणाऱ्या औद्योगिक गावात ही तरतूद मोलाची आहे.

त्यानंतरच्या घडामोडी वेगाने आल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्राची प्रोत्साहन योजना सुरू झाली आणि विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त दरमहा १,५०० रुपये, सरकार भरू लागलं. २०१९च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांवर २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेण्याचं बंधन घातलं, ४ ते २९ वाल्यांना ते ऐच्छिक ठेवलं आणि विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० रुपये केलं. मधल्या काळात, २०१३ पासून, तंत्रशिक्षण परिषदेची आणखी एक ‘ट्रेनी’ योजना चालली. तिच्यातून मोठ्या कारखान्यांना एजन्सीमार्फत प्रशिक्षणार्थी मिळायचे, आणि ती पुढे मागे घ्यावी लागली. २०२४च्या अर्थसंकल्पात पाचशे बड्या कंपन्यांसाठी दरमहा ५,००० रुपयांची इंटर्नशिप आली. एकाच शेडमध्ये आज अप्रेंटिस, इंटर्न, कंत्राटी आणि कायम असे चार प्रकारचे हात शेजारी शेजारी काम करताना दिसू शकतात, आणि प्रत्येकाचा हक्क वेगळा.

मालकांची बाजू ऐकताना एक तक्रार नेहमी येते : आयटीआयचा मुलगा कामाचा नसतो. त्यात तथ्य आहे. फिटरच्या मुलाचे सुरुवातीचे महिने कानस चालवण्यात जातात. लोखंडी पट्टी वाइसमध्ये धरायची, घासायची, गुण्या लावून उजेडासमोर धरायची. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायची. हाताला शिस्त लावणारं हे शिक्षण वाया जात नाही. पण सावलीच्या किंवा हालोलच्या कारखान्यात त्याला सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, टूल ऑफसेट द्यायचा असतो, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचायचा असतो, आणि ते यंत्र आयटीआयत असलं तरी तीस मुलांत मिळून असतं. ही दरी आयटीआय एकट्याने भरू शकत नाही, कारण यंत्र कारखान्यात आहे. २०१६ पासून कारखाना आणि आयटीआय यांनी मिळून शिकवायची दुहेरी पद्धत उपलब्ध आहे. ती वापरायची तर सुपरवायझरचा वेळ आणि यंत्राचे तास द्यावे लागतात, आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं गणित अडतं. शिकवलेला मुलगा शेजारचा पाचशे-हजार जास्त देऊन पळवेल, ही भीती छोट्या मालकाच्या तोंडी कायम असते. भीती खरी आहे. मात्र प्रत्येकाने शेजाऱ्याने शिकवायची वाट पाहिली, तर मकरपुऱ्यात गेटागेटावर दिसणारी ‘जोइए छे (पाहिजेत) : फिटर, वेल्डर, अनुभवी’ ही पाटी उतरणार कशी?

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी बडोद्यात लष्करी मालवाहू विमानांच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला. विमानाच्या रिव्हेटला कानशीची सवय पुरत नाही. तिथे माणूस घडवण्याचा खर्च टाळायची सोय मालकाला नाही. तिथल्या आणि त्याच्या पुरवठादारांच्या शिकाऊंचं पुढे काय होतं, ते कलम २२ खालच्या प्रत्येक कंपनीच्या ‘स्वतःच्या धोरणा’वर ठरेल. त्या धोरणात किमान काय असावं, किती टक्के मुलांना सामावून घ्यावं, हे कायद्याने सांगितलेलं नाही. आणि नव्या संहितेनुसार त्या मुलाला औद्योगिक न्यायाधिकरणापुढे कामगार म्हणून उभं राहता येणार नाही.