लॉर्ड रे (उमरावपद)

लॉर्ड रे हे स्कॉटलंडमधील वंशपरंपरागत उमरावपद. पहिला चार्ल्स राजाने ते १६२८ मध्ये सर डोनाल्ड मॅके यांना दिले. डोनाल्ड हे उत्तर टोकाच्या डोंगराळ मुलखातील मॅके कुळाचे प्रमुख. त्यांनी उभारलेली पलटण युरोपातील ‘तीस वर्षांच्या युद्धात’ (१६१८–४८) आधी डेन्मार्कच्या व नंतर स्वीडनच्या बाजूने लढली. ‘रे’ हे तिकडच्या एका गावाचे नाव. इंग्रजी स्पेलिंग (Reay) पाहून वाचणारा हमखास अडखळतो. मुंबईकर ‘रे रोड’ म्हणतात तोच उच्चार बरोबर आहे.

दुसऱ्या लॉर्डांचा एक धाकटा मुलगा डच सैन्यातील स्कॉटिश ब्रिगेडमध्ये गेला आणि त्याचा वंश हॉलंडमध्येच रुजला. इकडे १८२९ मध्ये सातव्या लॉर्डांनी वडिलोपार्जित जमीन सदरलंड घराण्याला विकली. मुलूख गेला, पदवी तेवढी उरली. १८७५ मध्ये तीही डच शाखेकडे गेली.

अकरावे लॉर्ड, डोनाल्ड जेम्स मॅके (१८३९–१९२१), हेगमध्ये जन्मले, डच संसदेत बसले आणि १८७७ मध्ये ब्रिटिश नागरिक झाले. १८८५ ते १८९० ते मुंबईचे गव्हर्नर होते. मराठी वाचकाला हे नाव माहीत आहे ते याच पाच वर्षांमुळे. आर्थर क्रॉफर्ड या वरिष्ठ ब्रिटिश अधिकाऱ्यावरील १८८८ चे लाचप्रकरण त्यांच्याच कारकिर्दीत गाजले. लाच दिल्याचे कबूल करणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिले होते. पुढे त्यांच्यावरच गदा येऊ लागली तेव्हा टिळकांनी त्यांची बाजू घेतली. त्याआधी १८८६ मध्ये पुण्यात ‘रे मार्केट’ उघडले: मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याच्या पायापासून आठ दिशांना गेलेल्या पाखा आणि त्यांत भाजीवाल्यांचे गाळे. जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरील खर्चाला नगरपालिकेत कडाडून विरोध केला होता. शहरात शिक्षणाला पैसा हवा असताना बाजारावर तो ओतणे त्यांना पटले नाही, आणि त्यांचे म्हणणे आजही वजनदार वाटते. आज तीच वास्तू महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. मुंबईत मात्र १९१० मध्ये सुरू झालेल्या रे रोड स्थानकाने जुने नाव टिकवले आहे.

ब्रिटनला परतल्यावर अकरावे लॉर्ड १९०२ मध्ये ब्रिटिश अकॅडमीचे पहिले अध्यक्ष झाले. ते निपुत्रिक वारले, त्यामुळे १८८१ मध्ये त्यांना स्वतंत्रपणे मिळालेली ब्रिटिश बॅरनची पदवी संपली. मूळ स्कॉटिश पद डच पंतप्रधान एनियास मॅके यांच्या मुलाकडे गेले. २०१३ पासून पंधरावे लॉर्ड ते धारण करतात.